फोल्डरांची उतरंड आणि प्रश्नांची वाट : ‘पार्टिशन प्रूनिंग’ या तंत्राची मौजा आंधळगावच्या निमित्ताने चिकित्सा

प्रस्तावना

पूर्व विदर्भातील कोणत्याही खरेदीखतात वा फेरफाराच्या नोंदीत गावाचा उल्लेख एका ठरावीक साच्यात येतो : मौजा आंधळगाव, तहसील मोहाडी, जिल्हा भंडारा. हा नुसता पत्ता नाही; शोधाची ती वाट आहे. महाराष्ट्रात आंधळगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा तालुक्यात एक आहे, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात दुसरे आहे आणि भंडारा जिल्ह्यातील कोसा विणकामासाठी परिचित असलेले आंधळगाव हे तिसरे. नाव एकच असल्यामुळे गावाची ओळख नावाने पटत नाही, ती वाटेने पटते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मौजेवार बांधलेले बस्ते ज्याने पाहिले आहेत, त्याला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. भंडाऱ्याच्या कपाटापाशी जावे, मोहाडीच्या फळीवर हात घालावा आणि आंधळगावचा बस्ता तेवढा सोडावा. बाकीच्या बस्त्यांवरची धूळ झटकण्याचेही कारण नाही.

संगणकावर साठविलेल्या प्रचंड माहितीच्या बाबतीत हेच तत्त्व ‘पार्टिशन प्रूनिंग’ या नावाने ओळखले जाते. मराठीत त्यास ‘विभाग-छाटणी’ म्हणता येईल. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या तंत्राची चर्चा बहुधा वेगाच्या अंगाने होते. किती फाइली वाचाव्या लागल्या नाहीत आणि किती वेळ वाचला, हे तेथे मोजले जाते. फोल्डरांची रचना ठरविताना कोणता प्रश्न स्वस्त होणार आणि कोणता महाग होणार याचाही निर्णय होऊन जातो, ही बाब मात्र त्या चर्चेत क्वचितच येते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचा विचार केला आहे.

तंत्राचे स्वरूप

फेसबुक या कंपनीत विकसित होऊन २००८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘हाइव्ह’ या प्रणालीने एक सोपी प्रथा रूढ केली. तक्त्यातील ज्या रकान्यावरून माहितीची विभागणी करावयाची, त्या रकान्याचे नाव आणि मूल्य हेच फोल्डरचे नाव करावयाचे. ‘जिल्हा=भंडारा’ या फोल्डरात ‘तालुका=मोहाडी’, त्यात ‘गाव=आंधळगाव’, त्यात ‘वर्ष=२०१८’ आणि सर्वांत आत प्रत्यक्ष माहितीच्या फाइली. वापरकर्त्याने प्रश्न विचारला, की प्रणाली आधी त्यातील अटी पाहते आणि फोल्डरांच्या नावांशी ताडून पाहते. जुळत नाहीत ती फोल्डरे उघडण्यापूर्वीच वगळली जातात. जिल्हा आणि गाव हे रकाने मग फाइलीच्या आत लिहिलेही जात नाहीत. ते वाटेतच असतात.

२०१५ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेल्या ‘ड्रिल’ या प्रणालीची रीत याहून निराळी आहे. तेथे फोल्डरला कसलेही नाव चालते. वरून पहिल्या पातळीस ‘डिर०’, दुसरीस ‘डिर१’ असे आपोआप संबोधले जाते आणि प्रश्नातही तसेच लिहावे लागते. जुनी फोल्डरे आहेत तशी वापरता येतात, ही तिची सोय. पहिली पातळी जिल्ह्याची आहे की वर्षाची, हे मात्र प्रश्न विचारणाऱ्याने लक्षात ठेवावयाचे असते. हाइव्हचे फोल्डर स्वतःची ओळख सांगते, ड्रिलचे फोल्डर केवळ आपली जागा सांगते. कागदपत्रांच्या दीर्घ आयुष्याचा विचार करता पहिली पद्धत निःसंशय श्रेयस्कर आहे; रचना करणारा माणूस बदलून गेल्यावर ‘डिर१’ म्हणजे काय हे कोणास विचारावयाचे?

फाइलीच्या आतही छाटणीची एक दुसरी पायरी असते. २०१३ पासून प्रचारात आलेल्या ‘पार्के’ या फाइल-प्रकारात नोंदींचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटातील प्रत्येक रकान्याचे किमान व कमाल मूल्य फाइलीच्या अखेरीस नोंदविता येते. गटातील गाव-क्रमांक शंभर ते दोनशे यांच्या दरम्यान असतील आणि हवा असलेला क्रमांक पाचशे असेल, तर तो गट न वाचता पुढे जाता येते. या पायरीचे महत्त्व पुढे येणारच आहे.

खर्चाचा हिशेब

कल्पनेसाठी असे समजू, की राज्यातील सर्व गावांच्या वीस वर्षांच्या पीकनोंदी वरील पद्धतीने ठेवल्या आहेत. राज्यात जिल्हे ३६ आणि गावे, ओळीने मोजल्यास, ४३ हजारांच्या आसपास. म्हणजे सर्वांत आतल्या फोल्डरांची संख्या सुमारे ८ लाख ६० हजार होते. जिल्हा, तालुका आणि गाव सांगून आंधळगावचा वीस वर्षांचा इतिहास मागितला, तर वीस फोल्डरे उघडावी लागतात. एखाद्या एका वर्षातील राज्याचे चित्र मागितले, तर ४३ हजार फोल्डरे उघडावी लागतात. आणि एखाद्या खातेदाराच्या नावावरून शोध घ्यावयाचा झाला, तर सर्वच्या सर्व ८ लाख ६० हजार. फाइली त्याच, नोंदी त्याच, यंत्रही तेच. प्रश्नाने तोंड फिरवले की खर्च हजारो पटींनी वाढतो.

वाचनाआधीचा खर्चही विसरता कामा नये. आज अशी माहिती बहुधा ॲमेझॉनच्या ‘एस-थ्री’सारख्या भांडारात असते. २००६ मध्ये सुरू झालेल्या या भांडारात वस्तुतः फोल्डर हा प्रकारच नाही. तेथे लांबलचक नावे असतात आणि नावांमधील तिरप्या रेघांमुळे फोल्डरांचा आभास निर्माण होतो. नावांची यादी मागितल्यास एका खेपेस फार तर एक हजार नावे हाती येतात. प्रत्येक फोल्डरात एकच फाइल धरली, तरी ८ लाख ६० हजार नावांसाठी ८६० खेपा होतात आणि एकही नोंद त्याआधी वाचली गेलेली नसते. हाइव्ह ही यादी स्वतंत्र नोंदवहीत ठेवून हा खर्च टाळते, पण त्याने दुसरी अडचण उद्भवते. कोणी हाताने नवे फोल्डर आणून ठेवले आणि नोंदवहीत त्याची नोंद केली नाही, तर ते फोल्डर प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नसते.

येथे उत्साही रचनाकारांचा एक नेहमीचा दोष सांगणे अगत्याचे आहे. बारीक विभागणी केली की छाटणी अधिक, असा समज सर्वत्र आढळतो. एका गावाच्या एका वर्षाच्या नोंदी काही किलोबाइटांच्या असतात. मोठ्या फाइलींसाठी घडविलेल्या हडूप या व्यवस्थेत एका खंडाचे नेहमीचे माप १२८ मेगाबाइट आहे. अशा ठिकाणी लक्षावधी चिमुकल्या फाइली ठेवणे म्हणजे शेरभर तांदळासाठी शेकडो पोती शिवण्यासारखे होय. त्यापेक्षा जिल्हा आणि वर्ष एवढीच विभागणी करावी, ३६ गुणिले २० म्हणजे ७२० फोल्डरे होऊ द्यावीत आणि प्रत्येक फाइलीत नोंदी गाव-क्रमांकाच्या क्रमाने लावाव्यात. आंधळगावपर्यंतची उरलेली वाट किमान-कमाल मूल्यांच्या आधारे फाइलीच्या आत सापडते. फोल्डरे कमी आणि आत शिस्त अधिक, हा मार्ग दिसावयास कमी आकर्षक असला तरी टिकाऊ आहे.

न विचारता येणारे प्रश्न

वेगाचा मुद्दा येथे संपतो आणि न्यायाचा सुरू होतो. महाराष्ट्रातील जमिनीचे अभिलेख गावनिहाय आहेत. सातबारा हा गाव नमुना सात आणि बारा यांचा उतारा. गाव नमुना आठ-अ मध्ये खातेदाराची एकत्रित जमीन दिसते, पण ती त्या एका गावातील. ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावरही जिल्हा, तालुका आणि गाव निवडल्यानंतरच गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव विचारता येते. आंधळगावच्या शेतकऱ्यास स्वतःचा उतारा पाहावयाचा असेल, तर ही वाट सुखाची आहे. त्याला आपले गाव ठाऊक असते. बाहेरगावी वाढलेल्या, आजोळची जमीन कोणत्या मौजात होती हे न जाणणाऱ्या वारसास मात्र त्याच वाटेच्या तोंडाशी थांबावे लागते. प्रश्न त्याच जमिनीचा असतो, पण त्याच्याजवळ असते ते नाव, आणि व्यवस्था मागते ती जागा.

याहून मोठे उदाहरण १९६१ च्या महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियमाचे आहे. त्या कायद्याचा मूलभूत प्रश्न असा, की एका व्यक्तीची वा कुटुंबाची राज्यात कोठेही असलेली एकूण जमीन मर्यादेपेक्षा अधिक आहे काय? प्रश्न व्यक्तीचा आहे, अभिलेख गावाचे आहेत. याचे उत्तर अभिलेखांतून काढावयाचे, तर राज्यातील प्रत्येक गावाचा बस्ता सोडावा लागला असता. त्या काळी ते अशक्य होते, म्हणून मर्यादेबाहेर जमीन असलेल्याने स्वतःच विवरणपत्र भरावे, अशी तरतूद करणे भाग पडले. कायद्याचा भार प्रामाणिकपणावर पडला, त्यामागे राजकीय कारणे होतीच. परंतु अभिलेखांची मांडणी हेही एक कारण होते आणि त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २०२४-२५ मध्ये राज्यात शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी हाती घेण्यात आली. तिच्याकडे या दृष्टीने पाहिल्यास, गावाच्या उतरंडीला व्यक्तीच्या बाजूने एक दुसरे दार पाडण्याचा तो प्रयत्न आहे.

ग्रंथालयशास्त्राच्या अध्यापकांना हा पेच नवा वाटणार नाही. ग्रंथास फळीवर एकच जागा असते, पण वाचक लेखकाच्या नावाने येतो, विषयाने येतो, कधी अर्धवट आठवणाऱ्या शीर्षकानेही येतो. म्हणून फळी एक असली तरी तालिका अनेक ठेवाव्या लागतात. डॉ. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाला एकाच फांदीवर न बसवता त्याचे अनेक पैलू मानले, त्याचे मूळ याच जाणिवेत आहे. (नॅकच्या निमित्ताने वर्ष, निकष आणि विभाग अशा उतरत्या फोल्डरांत कागद लावून ठेवलेल्या महाविद्यालयात एकाच प्राध्यापकाचे दहा वर्षांतील शोधनिबंध मागितले गेले, की सारा कर्मचारीवर्ग कसा कामाला लागतो, हे वाचकांस विदित आहे.)

आंधळगावच्या कोसा व्यवसायाचेही तसेच. कोशांचे उत्पादन ऐन आणि अर्जुन वृक्षांच्या जंगलालगतच्या गावांत होते, ती गावे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेली आहेत. विणकाम मात्र आंधळगावसारख्या ठिकाणी. व्यवसाय एक, पण जिल्ह्यांच्या फोल्डरांत त्याचे तुकडे होतात.

पत्ता बदलतो तेव्हा

उतरंडीत खालचे मडके काढावयाचे तर वरची सारी हलवावी लागतात. फोल्डरांच्या रचनेत नेमका उलटा धोका आहे : वरचे मडके बदलले, की खालच्याचा पत्ता बदलतो, खालचे जागचे हलले नाही तरी. आंधळगावच्याच वाटेकडे पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी भंडारा जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. मोहाडी तहसील नव्हती. प्रांत मध्यप्रांत होता, पुढे तो मध्यप्रांत आणि वऱ्हाड झाला, १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गाव आहे तेथेच राहिले. त्याच्या वाटेवरील एकही वरची पातळी मात्र कायम राहिली नाही.

याचा परिणाम संशोधनावर कसा होतो, हे एका साध्या प्रश्नावरून दिसेल. ‘जिल्हा=भंडारा’ हे फोल्डर निवडून जनगणनेची मालिका मागितली, तर १९९१ मध्ये सुमारे २१ लाख लोकसंख्या दिसते आणि २००१ मध्ये सुमारे ११ लाख ३६ हजार. दहा वर्षांत निम्मा जिल्हा ओस पडला की काय, असे वाटावे. प्रत्यक्षात २००१ मध्ये गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. दोहोंची बेरीज केल्यास वाढच झालेली आढळते. लोकसंख्येच्या बाबतीत ही विसंगती डोळ्यांत भरते, म्हणून चूक पकडली जाते. धानाचे क्षेत्र, मामा तलावांची संख्या किंवा पतपुरवठा यांच्या आकड्यांत ती इतकी ठळक नसते आणि मग ‘घट’ या शब्दाखाली निष्कर्ष छापले जातात. छाटणीने आपले काम बिनचूक केलेले असते. तिला सांगितलेले फोल्डर तिने वाचले. त्या नावाचा अर्थ मध्येच बदलला होता, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नावांचेही तेच. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. फोल्डरचे नाव हीच जेथे ओळख, तेथे नामांतरानंतर एकाच जिल्ह्याची दोन फोल्डरे होतात. लेखनभेद तर त्याहून सूक्ष्म. मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी ‘गांव’वरील अनुस्वार गेला, पण तो कागदावरून आणि पाट्यांवरून पुरता गेला नाही. ‘गाव=आंधळगाव’ आणि ‘गाव=आंधळगांव’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन भिन्न गावे आहेत. एकाची मागणी केली तर दुसऱ्यातील नोंदी येत नाहीत, आणि येत नाहीत हे कोणी सांगतही नाही.

या तंत्रावरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. संथ प्रश्न आपली अडचण उघड करतो. चुकीची छाटणी ती झाकून ठेवते. जिल्हा न सांगता नुसते ‘गाव=आंधळगाव’ विचारले, तर सोलापूर, पुणे आणि भंडारा येथील तीन गावांची बेरीज एकच गाव म्हणून हाती येते. लेखनभेद झाला तर शून्य येते. दोन्ही उत्तरे तत्काळ येतात आणि दोन्हींसोबत कोणतीही सूचना येत नाही. अनुदानाच्या यादीत शून्य आलेल्या माणसास कचेरीत ‘तुमचे नाव नाही’ एवढेच ऐकावे लागते.

वर्षाच्या पातळीवरही असाच गोंधळ संभवतो. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून, आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून आणि दिनदर्शिकेचे वर्ष जानेवारीपासून. भंडाऱ्यात धानाची रोवणी जुलैमध्ये सुरू होते. रोवणीची तारीख पाहिली तर ती एका महसुली वर्षात आणि कापणी पुढच्यात. ‘वर्ष=२०१८’ या फोल्डरात यांपैकी काय आहे? शिवाय वापरकर्त्याने प्रश्नात दिनांकाची अट घातली आणि विभागणी मात्र ‘वर्ष’ या वेगळ्या रकान्यावर असली, तर हाइव्हच्या रीतीत छाटणी होतच नाही. दिनांकावरून वर्ष निघते, हा साधा संबंध प्रणालीस कोणी सांगितलेला नसतो.

पर्याय आणि त्यांची किंमत

नेटफ्लिक्स या कंपनीत २०१७ च्या सुमारास आकारास आलेल्या ‘आइसबर्ग’ या रचनेने यावर मूलगामी उपाय केला. तीत फोल्डरांच्या नावांना अर्थच उरत नाही. प्रत्येक फाइल कोणत्या विभागाची आहे आणि तिच्यातील रकान्यांची किमान-कमाल मूल्ये काय आहेत, याची वेगळी सूची ठेवली जाते आणि छाटणी त्या सूचीवरून होते. विभागणी ‘दिनांकावरून वर्ष’ अशा सूत्राने सांगता येते, त्यामुळे वापरकर्त्याने दिनांक दिला तरी छाटणी होते. विभागणीची पद्धत मध्येच बदलली, तरी जुन्या फाइली जुन्या पद्धतीने आणि नव्या नव्या पद्धतीने वाचल्या जातात. २०१९ मध्ये खुली झालेली ‘डेल्टा लेक’ ही रचनाही फाइलींचा हिशेब व्यवहार-नोंदवहीतून ठेवते.

या नव्या रचनांची भलावण करताना एक गोष्ट नजरेआड होते. फोल्डरांची उतरंड माणसास नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. प्रणाली बंद पडली, कंपनी बुडाली, सूचीची फाइल बिघडली, तरी ‘तालुका=मोहाडी’ हे नाव वाचून कोणीही आत जाऊ शकतो, जसे जुने बस्ते आजही सोडता येतात. सूचीवर विसंबलेल्या रचनेत सूची गेली की उरतात त्या निरर्थक नावांच्या हजारो फाइली. शासकीय अभिलेखांचे आयुष्य शतकात मोजावयाचे असते. ते सर्वस्वी सूचीच्या हवाली करणे शहाणपणाचे वाटत नाही. सूची असावी, परंतु तिच्याखालची मांडणीही वाचनीय असावी.

शिवाय सूचीने गोंदियाचा प्रश्न सुटत नाही. जिल्ह्याची हद्द बदलली, हे ज्ञान कोणत्याही फाइल-रचनेत आपोआप येत नाही. ते स्वतंत्र तक्त्यात लिहून ठेवावे लागते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी स्थायी क्रमांक देण्यात आला. फाइलींत ओळख म्हणून असा क्रमांक ठेवावा. नाव, तहसील, जिल्हा आणि राज्य यांची माहिती निराळ्या तक्त्यात, ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ या दोन रकान्यांसह असावी. प्रश्न आधी त्या तक्त्यातून जावा. ‘१९९५ चा भंडारा जिल्हा’ म्हटल्यावर आजच्या गोंदियातील आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा यांची गावेही आपोआप निवडली जावीत आणि ‘२००५ चा भंडारा जिल्हा’ म्हटल्यावर वगळली जावीत. २०२० मध्ये आलेल्या ‘स्पार्क’च्या तिसऱ्या आवृत्तीत अशा जोडतक्त्यावरून प्रश्न चालू असतानाच छाटणी ठरविण्याची सोय झालेली आहे, त्यामुळे यासाठी वेगाचा बळी देण्याचेही कारण राहिलेले नाही.

तो तक्ता भरण्याचे काम मात्र यंत्राचे नव्हे. आंधळगावच्या ओळी लिहावयाच्या, तर भंडारा तहसिलीतून मोहाडीकडे गाव कोणत्या अधिसूचनेने आले, तिचा दिनांक शोधावा लागेल. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांतील मौजाचा क्रमांक आणि जनगणनेचा क्रमांक यांची सांगड घालावी लागेल. गोसीखुर्द धरणामुळे स्थलांतरित झालेल्या गावांच्या ओळींत ‘केव्हापर्यंत’ हा रकाना भरावा लागेल. इतिहास, भूगोल आणि संगणकशास्त्र या तीन विभागांतील विद्यार्थ्यांना एका तालुक्याचा असा तक्ता वर्षभरात पुरा करता येण्याजोगा आहे, आणि मोहाडीपासून त्यास आरंभ करण्यास हरकत नसावी.